सतरा नंबरचा कोरा अहवाल

१

अहवालाला निळी कापडी बांधणी होती. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत विषय छापला होता, त्याखाली फोरमनचे नाव, आणि कण्यावर त्याचा हजेरी क्रमांक, सतरा. आत मात्र काहीच नव्हते.

संस्थेच्या संचालकांनी पहिले पान उलटले. कोरे. दुसरेही कोरे. मग त्यांनी अंगठ्याने सगळी पाने एकदम सोडली, पत्ते सोडतात तशी. चौऱ्याऐंशी पाने फरफरत गेली. एकावरही शाईचा ठिपका नव्हता.

"बाई, हे काय आहे?"

"कोरे कागद," बाई म्हणाल्या. "आणि चांगल्या प्रतीचे."

"ते दिसतंय मला! बाराला बाहेरचे परीक्षक येतायत. सगळ्यात चांगला म्हणून हाच अहवाल मी त्यांच्यापुढे आधी ठेवणार होतो."

रविवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. नोकरी करणाऱ्यांसाठी चालवलेल्या व्यवस्थापन पदवीच्या वर्गाचा हा शेवटचा दिवस. दोन वर्षे दर शनिवारी-रविवारी छत्तीस मोठी माणसे या इमारतीत येत होती. आठवडाभर हाताखालच्या लोकांना कामाला लावायचे आणि शनिवारी पेन विसरून यायचे, अशी ही मंडळी. शेवटी प्रत्येकाने आपल्याच कामाच्या जागेवर एक अहवाल लिहायचा. त्यात कंपनीची आतली माहिती असते, म्हणून सही-शिक्क्याची एकच प्रत. ती परीक्षकांच्या हातात नसेल तर तोंडी परीक्षा नाही, आणि पुढची परीक्षा वर्षाने.

हे अहवाल सांभाळायचे काम बाईंकडे होते. चौतीस वर्षे तिसरीच्या मुलांना शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि इथे अर्धवेळ येत. पन्नाशीचा मॅनेजरही त्यांना 'बाई'च म्हणायचा आणि त्यांनी चष्म्यावरून पाहिले की शर्ट खोचायचा.

बाईंनी कोरा अहवाल हातात घेतला, पहिले पान खिडकीकडे धरले.

"सर, काल दुपारी एक वाजता सगळे छत्तीस अहवाल माझ्याकडे आले. प्रत्येकाचं पहिलं पान उघडून मी शिक्का मारला. हाही कोरा असता तर तेव्हाच दिसला असता. यावर शिक्का नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शिक्के मारून झाल्यावर हा आत आला आणि खरा बाहेर गेला."

"काल संध्याकाळनंतर कोणी कपाट उघडलं असेल."

"नाही. पाचला कुलूप लावून मी दोन्ही दारांवर कागदाची पट्टी चिकटवली, वर सही केली. आज ती तुमच्यासमोर फाडली. एक ते चारही कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. राहिला चार ते पाचचा एक तास."

संचालकांनी चष्मा काढला. "त्या तासात या खोलीत कोण होतं?"

"मी होते," बाई म्हणाल्या.

२

चार ते पाच हा शुद्धिपत्राचा तास होता. छापल्यावर चूक सापडली तर विद्यार्थ्याने यायचे, कपाटातून आपला अहवाल काढायचा, शेवटच्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवायची, परत ठेवायचा आणि वहीत वेळ घालून सही करायची. बाई टेबलाशी मान खाली घालून तोंडी परीक्षेच्या क्रमाची यादी लिहीत होत्या. कपाट त्यांच्या पाठीशी होते.

"पाठीशी!" संचालक म्हणाले.

"पाठीशी. चूक माझीच. तिसरीच्या वर्गात असं कधी बसले नाही. इथे म्हटलं, मोठी माणसं आहेत."

छत्तीसपैकी चौघेच आले होते, आणि चौघेही एकाच अभ्यासगटाचे. गटाने मिळून केलेल्या पाहणीची तारीख चौघांच्याही अहवालात चुकली होती. वहीत सह्या होत्या: फोरमन, चार वाजून पाच मिनिटे. डॉक्टर, साडेचार. बँकवाली ताई, चार पस्तीस. पीपीटी या टोपणनावाचा विक्री अधिकारी, चार पन्नास.

"फोरमन सगळ्यात आधी येऊन गेला," संचालकांनी बोट ठेवले. "म्हणजे त्याच्यानंतरच्या तिघांपैकी कोणीतरी. बाई, बाराच्या आत मला नाव हवंय. परीक्षक म्हणून येणारे साहेब फोरमनच्याच कंपनीचे आहेत. ती कंपनी दर वर्षी सहा माणसं पाठवते आपल्याकडे. नाव मिळालं नाही तर ताबा तुमचा होता, एवढंच मला लिहावं लागेल."

बाईंना स्वतःपेक्षा फोरमनची काळजी जास्त होती.

फोरमन शेहेचाळीस वर्षांचा. कारखान्याच्या फाउंड्रीत, म्हणजे जिथे वितळलेले लोखंड साच्यात ओततात तिथे, तो चोवीस वर्षे होता. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते. पहिल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तो बाईंच्या दारात उभा राहिला होता.

"बाई, टक्केवारी पुन्हा एकदा शिकवाल का? वर्गात विचारायची लाज वाटते."

बाईंनी शिकवली. शंभर खडूंचे तुकडे मांडून, तिसरीला शिकवतात तशी. दर शनिवारी. एकदा त्यांनी विचारले, या वयात ही पदवी कशाला?

"दर वर्षी वरच्या मजल्यावर फाउंड्री बंद करायचं निघतं," तो म्हणाला होता. "ते काय बोलतात ते आम्हाला कळत नाही, आम्ही बोलतो ते त्यांच्या कानापर्यंत जात नाही. म्हटलं, त्यांची भाषा शिकावी. बासष्ट माणसं आहेत माझी."

म्हणून त्याने अहवालाचा विषयही तोच घेतला: फाउंड्री चालू ठेवावी, की ओतीव भाग बाहेरून विकत घ्यावेत?

आता तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर हात. बातमी त्याला कळली होती. बाई समोर गेल्या तसा उभा राहिला.

"दुसरी प्रत आहे का रे? लॅपटॉपवर?"

"लॅपटॉप कंपनीचा होता, बाई. शुक्रवारी परत मागून घेतला. तपासायचाय म्हणाले."

"शोधते मी. काळजी करू नकोस."

"तुम्ही नका त्रास घेऊ, बाई," तो म्हणाला. "गेला तर गेला."

दोन वर्षे ज्याने एक शनिवार चुकवला नव्हता, तो माणूस असे म्हणाला. बाई चालता चालता थांबल्या.

३

डॉक्टर आधी आले. मोठ्या रुग्णालयाचा कारभार पाहायचे. गेली दहा वर्षे त्यांनी कोणाची नाडी धरली नव्हती, पण बोलायची सवय तीच राहिली होती.

"बाई, तुम्हाला झोप नीट लागते का? डोळे ओढलेत."

"माझं राहू दे. काल इथे काय काय केलंस, सांग."

"आलो, चिठ्ठी लावली, गेलो. तुमच्या डिंकाच्या बाटलीशी मात्र मारामारी झाली. नवी कोरी बाटली, टोपणाचं टोक बंद. कापायला काही नाही. शेवटी माझ्या पेनच्या टोकाने भोक पाडलं. ऑपरेशन म्हणा ना! आयुष्यात केलेलं शेवटचं."

"फोरमनशी तुझं वाजलं होतं म्हणे मागच्या महिन्यात?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "ते माझ्याच चुकीवरून. गटात आम्ही काम वाटून घेतो. प्रश्नावली माझ्याकडे होती. मी त्याच्या फाउंड्रीत जाऊन बासष्ट कामगारांना प्रश्न विचारायचे होते. मी वीस जणांना विचारून बाकीच्या बेचाळीस घरी बसून भरल्या. त्याला कळलं. ओरडला नाही हो. माझ्या हातातून कागद घेतले आणि स्वतः सगळ्यांना पुन्हा विचारून आला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

बँकवाली ताई आली ती पदराने मान पुसतच. ती एका शाखेची व्यवस्थापक होती. घड्याळाकडे बघत बोलायची.

"बाई, विचारा पटापट. अकराला मला पुन्हा एकदा आकडे वाचायचेत."

"गटात तुझ्याकडे काय होतं?"

"आकडे. सगळ्यांचे तक्ते माझ्याकडून तपासून जायचे. प्रश्नावली डॉक्टरकडे, भाषा आणि स्लाइड पीपीटीकडे, छपाई-बांधणीची धावपळ फोरमनकडे. त्याची स्कूटर आहे ना. चौघांचे अहवाल बांधून आणले त्याने शुक्रवारी."

"फोरमनचा तक्ता तपासलास?"

ताईने घड्याळावरून नजर काढली. "एकाहत्तराव्या पानावरचा? हो. बरोबर होता."

"मग डोळ्यांत पाणी का आलं?"

"काही नाही, बाई. बरोबर होता म्हणूनच." तिने नाक ओढले. "माझ्याकडून उशीर झाला हो काल. तारखेची चूक माझ्याच लक्षात आली. चौघांच्या चिठ्ठ्या छापायच्या तर खालचा प्रिंटर कागद खाऊन बसला. सव्वाचारपर्यंत मी त्याच्यापुढे उभी. मग कागद कापून चार तुकडे केले आणि कॅन्टीनमध्ये जाऊन एकेकाला दिले. वेळेत झालं असतं तर आम्ही चौघं एकदमच वर आलो असतो आणि हे घडलंच नसतं."

बाईंनी वही उघडली. त्या बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिल्या.

"बाई? जाऊ मी?"

"जा. आणि पीपीटीला पाठव."

४

पीपीटी एका यंत्रकंपनीत विक्री अधिकारी होता. प्रत्येक गोष्टीची स्लाइड करायचा, म्हणून हे नाव. बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छाही तीन मुद्द्यांत देतो, असे वर्गात म्हणायचे, आणि तो ते नाकारत नव्हता.

"बाई, माझं म्हणणं तीन मुद्द्यांत मांडतो. एक, मी घेतला नाही. दोन, मला घ्यायचं कारण नाही. तीन..."

"बस आधी."

तो बसला.

"पहिला नंबर तुझा की फोरमनचा, अशी चर्चा होती. कारण नाही कसं?"

"आहे, मान्य. पण बाई, त्याचा अहवाल माझ्याच भाषेत आहे! मी माझीच वाक्यं कशी चोरेन?"

"म्हणजे पूर्ण अहवाल तुझ्या संगणकावर होता."

पीपीटीचे पाय हलायचे थांबले.

"होता. काढून टाकला."

"कधी?"

"असंच... झाल्यावर."

"माझ्याकडे बघ." बाईंचा आवाज चढला नव्हता. चढत नसेच. "आत्ता छापून आणला, मार्गदर्शकांनी पुन्हा सही केली, तर सर ऐकतीलही. तुझ्या मित्राचं वर्ष वाचेल. आणि तू म्हणतोस काढून टाकला?"

"बाई, मला जरा बाहेर जायचंय."

"कोणाला पाठवलास तो अहवाल?"

पीपीटी उठून उभा राहिला होता. "अहवाल नाही पाठवला," तो म्हणाला, "शप्पथ," आणि दार ढकलून जवळजवळ पळत जिना उतरला.

संचालक दारातच होते. "बघितलंत? हाच तो. बोलावतो त्याच्या कंपनीला."

"थांबा, सर," बाई म्हणाल्या. "तो काहीतरी लपवतोय, पण हे नाही. मला दहा मिनिटं द्या. अहवाल कुठे आहे ते मला कळलंय."

५

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ सावली होती. बाईंनी फोरमनला तिकडे बोलावले. वही त्यांच्या हातात होती.

"मी एकेक पायरी सांगते," त्या म्हणाल्या. "चुकले तर थांबव."

त्याने मान हलवली.

"काल तू चार वाजून पाच मिनिटांनी आलास आणि चिठ्ठी लावल्याची सही केलीस. ताईच्या चिठ्ठ्या सव्वाचारनंतर छापून झाल्या. जी चिठ्ठी अजून कागदावर आली नव्हती, ती तू लावलीस कशी?"

फोरमन वहीतली आपली सही बघू लागला.

"डॉक्टर साडेचारला आला तेव्हा डिंकाची बाटली उघडलेलीसुद्धा नव्हती. तू तिला हात लावला नव्हतास. मग कपाटात हात कशाला घातलास?"

त्याने मान खाली घातली.

"कोरा अहवाल बांधून घ्यायला शीर्षक माहीत हवं, पानांची जाडी माहीत हवी, बांधणीवाल्याकडे जायला हवं. चौघांची बांधणी तूच आणलीस. पाचवी बांधणीही तूच आणलीस. खरा अहवाल कुठे आहे?"

"स्कूटरच्या डिकीत," फोरमन म्हणाला.

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होते. तो आवाज थांबेपर्यंत दोघेही उभे राहिले.

"का रे?"

"बाई, मी फाउंड्री वाचवायला आलो होतो इथे. पहिलं वर्षभर वाटत होतं, नीट मांडलं की त्यांना पटेल. मग आकडे मांडले. बाहेरून घेतलेला भाग स्वस्त पडतो. आमचे शंभरातले अकरा भाग मोडीत जातात, त्यांचे तीन. सोळा वेळा केलं गणित. ताईकडून करून घेतलं. तेच येतं."

"बदलला नाहीस आकडा."

"तुम्हीच शिकवलंत. उत्तर पटलं नाही तर पुन्हा करायचं, खोडायचं नाही."

बाईंनी टाकीच्या कडेला हात टेकला.

"बहात्तर ते चौऱ्याऐंशी पानांत उपाय आहे," तो म्हणाला. "भट्टीचं तोंड बदललं, वाळू बदलली, तर तीन वर्षांत आमचेही शंभरात चारच जातील. मग आम्ही स्वस्त पडू. पण त्यासाठी तेरा पानं वाचायला हवीत. शुक्रवारी परीक्षकांची यादी आली आणि बघतो तर आमचेच साहेब! त्यांच्या हातात एकाहत्तरावं पान गेलं की संपलं. परवा मंगळवारी फाउंड्रीचं काय करायचं यावर कंपनीची बैठक आहे. तेवढी एक बैठक निर्णयाविना गेली तर सहा महिन्यांचं नवं काम मिळतंय फाउंड्रीला. मग मी त्यांना सावकाश सगळी चौऱ्याऐंशी पानं समजावली असती."

"मग अहवाल द्यायचाच नव्हतास."

"साहेबांनी कारण विचारलं असतं. चोरीला गेला म्हटलं की मला कोण विचारतंय? तुमच्यावर येईल हे सुचलं नाही, बाई. खरंच नाही सुचलं. मी आत्ता सरांना सांगतो, मीच केलं म्हणून. पदवी जाऊ दे. फक्त मंगळवारपर्यंत तो डिकीत राहू दे."

बाईंनी आयुष्यभर खोटे बोलणाऱ्या मुलांना खरे बोलायला लावले होते. हा खरेच बोलत होता, आणि तरी काय करावे ते त्यांना कळेना.

"बाई!" जिन्यातून हाक आली. पीपीटी धापा टाकत वर येत होता. "बाई, मी सांगतो सगळं. खाली साहेब आलेत."

६

"अहवाल नाही पाठवला मी," पीपीटी म्हणाला. तो फोरमनकडे बघत नव्हता. "एक पान पाठवलं. सारांश. आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलंय ना, वरचा माणूस एकच पान वाचतो, सगळं त्यात आलं पाहिजे. म्हटलं, याच्या साहेबांना आधीच एक चांगलं पान जावं. याला बढती मिळेल. आणि खाली माझंही नाव टाकलं, भाषा आणि मांडणी म्हणून. मला तिथे नोकरी हवी होती. म्हणून बोललो नाही."

"कधी पाठवलंस?" फोरमनने विचारले.

"बारा दिवस झाले."

"काय लिहिलंस?"

"एकाहत्तराव्या पानावरचा तक्ता. आणि वर ठळक अक्षरांत एक ओळ. बाहेरून घेणं स्वस्त."

"बहात्तरपासून पुढचं?"

"एका पानात मावत नव्हतं, रे."

फोरमनने त्याला मारले नाही. बाईंना वाटले होते मारेल. त्याने शर्टाची बाही खाली ओढून बटण लावले आणि जिन्याकडे बघत राहिला, कारण साहेब वर येत होते. संचालक त्यांच्या मागे.

"अरे, इथेच आहेस!" साहेबांनी फोरमनच्या खांद्यावर हात टाकला. हसरे, नीटनेटके गृहस्थ. "तुझं ते पान म्हणजे... चोवीस वर्षं फाउंड्रीत काढलेला माणूस इतकं स्वच्छ बघू शकतो, मला खरं वाटेना. बैठकीत फिरवलं मी ते."

"बैठक मंगळवारी आहे ना, साहेब?"

"ती गेल्या मंगळवारीच उरकून घेतली. तुझ्या पानामुळेच. वाद घालायला कोणाला जागाच उरली नाही. या महिनाअखेर बंद. म्हणून तर लॅपटॉप मागवले सगळ्यांचे. तुझी काळजी करू नकोस, बाहेरून माल घ्यायचा नवा विभाग तुझ्याकडे देतोय. पदवी तेवढी आज पदरात पाडून घे."

"साहेब, बाकीची पानं वाचलीत?"

"तेच तर कौतुक!" साहेब हसले. "वाचायची वेळच आणली नाहीस."

७

बाईंनी घडले ते सगळे एका कागदावर लिहिले आणि सही करून संचालकांना दिले. आपण कपाटाकडे पाठ करून बसलो होतो, हेही लिहिले. संचालकांनी कागद वाचला, चौघडी केली, खिशात ठेवली.

"बाई, कुठे काय झालंय? अहवाल सापडला. शिक्का आहे, सही आहे. साहेब खूश आहेत."

"नियमाप्रमाणे त्याची परीक्षा होऊ शकत नाही, सर. तोच म्हणतोय, लिहा म्हणून."

"नियमाप्रमाणे साहेबांच्या कंपनीतली सहा माणसं पुढच्या वर्षीही यायला हवीत."

दुपारी साडेबाराला फोरमन मोठ्या टेबलासमोर उभा राहिला. अहवाल साहेबांच्या पुढ्यात होता. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, पुढचा अहवाल मांडीवर घेऊन.

"तो तक्ता समजावून सांग," साहेब म्हणाले. "मला कळलाय, पण या बाकीच्या परीक्षकांना."

फोरमनने समजावला. घाई केली नाही, अवघड शब्द वापरला नाही. शंभर भाग टेबलावर मांडलेत असे समजा म्हणाला, त्यातले अकरा बाजूला काढा म्हणाला. एक परीक्षिका नकळत बोटे मोजू लागल्या. बाईंना प्रत्येक वाक्य ओळखीचे होते.

"आता बहात्तरावं पान," तो म्हणाला. "इथे मी असं मांडलंय की भट्टीचं तोंड..."

"ते जोडपत्र म्हणून असू दे," साहेबांनी घड्याळ पाहिले. "अजून पस्तीस जण आहेत. उत्तम! माझ्याकडून सगळ्यात जास्त गुण."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. फोरमन अहवाल मिटायला पुढे झाला, तेव्हा साहेबांना काहीतरी सुचले.

"इतकं सोपं करून सांगतोस तू. उद्या सकाळी फाउंड्रीतल्या लोकांनाही तूच सांग. आमच्यापैकी कोणी गेलं तर आरडाओरडा होईल. तुझं ऐकतील. अर्धा तास काम थांबवू आपण."

थोड्या वेळाने तो बाईंच्या खोलीत आला. बाहेर पुढच्याचे नाव पुकारत होते. ताई व्हरांड्यातून डोकावली, आत न येता गेली. बाईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला.

"मी नाही म्हणालो असतो," तो म्हणाला. "पण मग दुसरा कोणीतरी येऊन नुसता कागद वाटेल. बासष्टातल्या चौदा जणांना वाचता येत नाही. काय लिहिलंय ते त्यांना घरी गेल्यावर पोरांकडून कळेल."

"तूच सांग."

"कसं सांगू, बाई? तुम्ही अवघड गोष्ट सोपी कशी करायची ते शिकवता ना. ही कशी करायची?"

बाईंनी खूप शोधले. खडूंचे तुकडे, चिंचोके, मण्यांच्या माळा, चौतीस वर्षांत जे जे हाताशी आले होते ते सगळे. मग म्हणाल्या, "सगळ्यांना एकदम उभं करून सांगू नकोस. एकेकाला बाजूला घे. नावाने हाक मार. त्याच्या घरचं विचार, मग सांग."

"एकेकाला?"

"हो. एकेकाला."

त्याने खिशातून पेन काढले आणि टेबलावरच्या रद्दी कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी मांडले. हातचा घेतला, रेघ ओढली.

"बासष्ट माणसं आणि अर्धा तास," तो म्हणाला. "एकेकाला एकोणतीस सेकंद येतात, बाई."

बाईंनी कागद आपल्याकडे वळवला आणि भागाकार पाहिला. तो बरोबर होता.